साखर : एका खड्याचं नाव

[दृश्य : वाळवा तालुका. उसाचा फड, तोडणी चालू आहे.]

रशियात साखरेला ‘साखर’च म्हणतात. ‘ख’ जरा घशातून येतो, एवढाच काय तो फरक. सांगली जिल्ह्यात, जिथं साखराळे नावाच्या गावातच साखर कारखाना उभा आहे, तिथं हे सांगितलं की ऐकणारा थबकतो. आपला शब्द तिकडं पोचला कसा?

आधी शब्दाचं मूळ बघू. संस्कृतात शर्करा म्हणजे बारीक खडे, रेव. गोडाशी त्याचं मुळात काही नातं नाही. सुश्रुतसंहितेत मुतखडा फुटून त्याची कणी झाली, की तिलाही शर्कराच म्हटलंय. पुढं उसाच्या रसाचा कोरडा, दाणेदार पदार्थ करायची विद्या साधली, आणि हाताला रेवेसारखा लागतो म्हणून त्यालाही तेच नाव पडलं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उसाच्या रसापासूनचे पाच पदार्थ ओळीनं येतात : फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खंड आणि शर्करा. फाणित म्हणजे आपल्या काकवीसारखा दाट पाक. मत्स्यण्डिका म्हणजे माशाच्या अंड्यांसारखी कणी! नाव ठेवणाऱ्यानं काहिलीजवळ उभं राहून नीट बघितलं असणार.

[दृश्य : गुऱ्हाळ. चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस, काहिलीवर वाफ.]

ती नजर आजही गुळव्याकडं, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराकडं आहे. रस तापला की भेंडीचं चिकट पाणी सोडतात, मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. रस आटतो, रंग बदलतो, बुडबुडे लहान होतात. पाक साधारण ११८ अंशांवर आला, की त्याचा थेंब गार पाण्यात टाकून बघतात. गोळी झाली तर काहील उतरायची. जरा उशीर झाला तरी गूळ करपतो. थर्मामीटर न लावता हे ओळखणारे गुळवे इथं आहेत, आणि त्यांच्या या कसबाला मी शास्त्रच म्हणेन. पाक वाफ्यात ओतून घोटला, की गार होता होता त्यात कणी धरते. चांगला गूळ ‘रवाळ’ म्हणतात तो या कणीमुळं.

कारखान्यात हाच दाणा मोठ्या पॅनमध्ये, हवेचा दाब कमी करून वाढवतात आणि वेगानं फिरणाऱ्या यंत्रात मळीपासून वेगळा करतात. (गुऱ्हाळातली मळी म्हणजे वरचा मळ, कारखान्यातली मळी म्हणजे उरलेला काळा पाक. शब्द एकच.) पोत्यावर ‘एस-३०’, ‘एम-३०’ असे शिक्के असतात. त्यातलं अक्षर दाण्याचा आकार सांगतं, आकडा रंग. व्यापारी अजूनही साखर दाण्यावरूनच ओळखतो.

[दृश्य : नकाशा. भारतातून पश्चिमेकडं सरकणारी रेघ.]

हा दाणा नावासकट निघाला. फारसीत शकर झाला, अरबीत सुक्कर. स्पेनमध्ये अरबांनी ऊस नेला, तिथं अरबीत नामाआधी लागणारा ‘अल्’ (इंग्रजी ‘द’सारखा) शब्दाला चिकटूनच राहिला आणि ‘आसुकार’ तयार झाला. इटालियन झुक्केरो, जर्मन त्सुकर, इंग्रजी शुगर हे सगळे याच घरातले. ग्रीकांकडं शब्द त्याआधीच पोचला होता, आणि रशियनमध्ये तो ग्रीकमधून गेला. पहिल्या शतकात रोमचा प्लिनी लिहितो, की वेतात सापडणारा हा एक मध आहे, पांढरा, दातांखाली फुटणारा, आणि फक्त औषधात वापरतात. पदार्थ पुरता कळला नव्हता, पण दाणा त्यालाही जाणवला होता.

[दृश्य : सांगली मार्केट यार्ड. गुळाचे रवे, सौदे.]

मला जास्त ओढ आहे ती देशातल्या देशात झालेल्या फरकांची. आपल्या भागातला गूळ गुजरातेत जातो. त्या गुजरातीत ‘साकर’ म्हणजे खडीसाखर. चहात टाकतात ती ‘खांड’. पंजाबात ‘शक्कर’ म्हणजे गुळाची भुकटी. आणि केरळात ‘शर्करा’ म्हणजे चक्क गूळ! पांढऱ्या साखरेला तिथं ‘पंचसारा’ म्हणतात. ज्या मुलखात जो गोड दाणा रोजच्या खाण्यातला, त्याला हे नाव लागलं. हिंदीनं मात्र साखरेला चीनचं नाव देऊन ‘चीनी’ केलं आणि खडीसाखरेला इजिप्तचं, म्हणजे मिस्रचं नाव देऊन ‘मिश्री’.

१४९८ साली पोर्तुगीज कालिकतला उतरले. मल्याळममध्ये गुळाला ‘चक्करा’ असंही म्हणतात. लाडक्या लेकरालाही हीच हाक मारतात. पोर्तुगीजांनी त्याचं ‘जागरा’ केलं आणि इंग्रजीत त्याचं ‘जॅगरी’ झालं. साखरेसाठीचा ‘आसूकार’ त्यांच्याकडं अरबांमार्फत आधीच आलेला होता. म्हणजे एकच शर्करा त्यांच्या भाषेत दोनदा शिरली : एकदा साखर होऊन, एकदा गूळ होऊन. आज गुळाच्या पुड्यावर इंग्रजीत ‘जॅगरी’ छापतात आणि खाली ‘शुगर नाही’ असं लिहितात, तेव्हा दोन्ही ओळींत तोच शब्द असतो.

[दृश्य : गावातला दवाखाना, रक्त तपासणी.]

आणि तो आपल्याकडं परतही आलाय. डब्यात साखर, तपासणीच्या कागदावर रक्तशर्करा, आणि पारावर कुणी विचारलंच तर “मला शुगर आहे.” मराठीत हा शब्द आता तीन वेळा नांदतो. सांगली जिल्ह्यातल्याच जतकडच्या कानडी घरांत त्याच दुखण्याला म्हणतात, सक्करे कायिले.