शब्द आणि पाणी : फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे स्मरण

समोर पडद्यावर दिसते आहे ते बावखल, म्हणजे खणून केलेले तळे. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, रेल्वेमार्ग आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या वाड्यांमध्ये, इथल्या शेतकऱ्यांच्या वाडवडिलांनी अशी बावखले खणून ठेवली. पावसाळ्यात ती काठोकाठ भरतात, त्यांचे पाणी हळूहळू जमिनीत मुरते आणि त्या मुरलेल्या पाण्यावर भोवतालच्या विहिरी जिवंत राहतात. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही या विहिरींना गोडे पाणी लागते, कारण जमिनीखाली साठलेले गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्याला आत शिरू देत नाही. उपसा वाढला आणि बावखले बुजवली गेली, की खारे पाणी आत सरकू लागते. या पाण्यावर केळी पिकली, पानवेली चढल्या, आणि याच वाड्यांतली फुले पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात जात राहिली. कॅथलिक धर्मगुरू आणि मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या लेखणीला धार आली ती या पाण्याच्या काळजीतून, म्हणून त्यांचे स्मरण इथून सुरू करणे आम्हाला योग्य वाटते.

फादरांचा जन्म ४ डिसेंबर १९४२ रोजी वसई तालुक्यातील नंदाखाल या गावात झाला, आणि २५ जुलै २०२४ रोजी वसईतच त्यांचे निधन झाले. आता पडद्यावर वसईचा किल्ला दिसतो आहे. १५३४पासून हा प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेतला. सत्ता गेली, पण त्या काळात रुजलेला धर्म आणि दिब्रिटो यांच्यासारखी आडनावे इथे कायम राहिली. घरात मात्र पोर्तुगीज भाषा कधीच नव्हती. घरात बोलली जाई ती इथल्या कुपारी ख्रिस्ती लोकांची सामवेदी बोली, आणि शाळेत शिकवली जाई ती प्रमाण मराठी. या समाजाचे मराठीशी असलेले नाते उर्वरित महाराष्ट्राला पुरेसे ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक करून देण्यात फादरांचे अर्धे आयुष्य गेले.

चर्चमधली उपासना त्यांच्या लहानपणी लॅटिन भाषेत होत असे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्थानिक भाषांना वेदीपर्यंत जाण्याची वाट मोकळी केली, आणि वसईच्या धर्मग्रामांमध्ये, म्हणजे एकेका चर्चशी जोडलेल्या वस्त्यांमध्ये, मिस्सा ही सामुदायिक उपासना मराठीतून होऊ लागली. १९७२मध्ये ज्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली, त्या फादरांच्या पिढीसाठी हा बदल अतिशय मोठा होता. जी भाषा शेतावर आणि ओटीवर बोलली जात होती, त्याच भाषेत आता देवाशी बोलायचे होते, आणि त्यासाठी ती नीट यावी लागणार होती. कॅथलिक धर्मगुरूला स्वतःचा संसार नसतो. धर्मग्रामातील माणसे हाच त्याचा गोतावळा, आणि त्या गोतावळ्याशी रोज ज्या भाषेत बोलायचे, तिच्यावर फादरांनी घरच्या माणसावर करावे तसे प्रेम केले.

हे बांधणी केलेले खंड ‘सुवार्ता’ मासिकाचे आहेत. १९८३मध्ये फादर या मासिकाचे संपादक झाले आणि २००७पर्यंत त्यांनी ती जबाबदारी सांभाळली. धर्मसंस्थेच्या नियतकालिकात सहसा काय असते, हे आपल्याला माहीत आहे: सणांच्या तारखा, धर्मगुरूंच्या बदल्या, प्रवचने, निधनवार्ता. या मजकुरालाही त्याचे स्थान आहे, कारण गावातली माणसे एकमेकांशी त्यातूनच जोडलेली राहतात. परंतु आपल्या वाचकाच्या विहिरीचे पाणी आटत असेल, त्याच्या जमिनीवर कोणी डोळा ठेवला असेल आणि तो भीतीमुळे गप्प बसला असेल, तर त्याच्या मासिकाने गप्प बसणे हा धर्म नव्हे, अशी फादरांची भूमिका होती. त्यांच्या संपादनाखाली ‘सुवार्ता’त साहित्य आले, पर्यावरण आले, राजकारणातल्या गुंडगिरीविरुद्धची स्पष्ट भाषा आली आणि ख्रिस्ती समाजाबाहेरचे लेखक व वाचकही आले. एका तालुक्यातल्या चर्चचे मासिक महाराष्ट्राच्या वैचारिक वर्तुळात वाचले जाऊ लागले, आणि आमच्या मते हेच त्यांचे सर्वांत मोठे संपादकीय काम होय.

याच शब्दांमधून माणसे एकत्र येत गेली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हरित पट्ट्यावर बांधकामाचे संकट आले, टँकरसाठी विहिरींचा बेसुमार उपसा सुरू झाला, आणि त्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर तिच्या अग्रभागी होते. धर्मगुरूने मोर्चात चालावे का, असा प्रश्न त्या काळात पुष्कळांनी विचारला. या छायाचित्रात लाल लुगडी नेसलेल्या वयस्कर बायका, शेतकरी, शिक्षक आणि सर्व धर्मांचे तरुण एका रांगेत दिसतात, आणि त्या प्रश्नाचे उत्तर या रांगेतच आहे. सभा, निवेदने, मोर्चे आणि लेख ही या चळवळीची साधने होती, आणि धमक्या येत असतानाही फादरांनी त्यांपैकी एकही खाली ठेवले नाही. हिरवा पट्टा काही ठिकाणी वाचला, काही ठिकाणी इमारतींखाली गेला.

टेबलावरचा हा जाड ग्रंथ म्हणजे ‘सुबोध बायबल’. मराठीत बायबलच्या भाषांतराचा इतिहास जुना आहे. मिशनरी विल्यम कॅरी यांच्या बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११मध्ये नवा करार, म्हणजे बायबलचा उत्तरार्ध, मराठीत आला, आणि पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. फादरांसमोरची अडचण निराळी होती. ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकाला बायबलमधले संदर्भ, चालीरीती आणि स्थळे परकी वाटतात, आणि जुन्या भाषांतरांची वाक्यरचना त्याला मध्येच अडवते. म्हणून त्यांनी सोपे, वाहते गद्य लिहिले आणि इतिहास, भूगोल व संस्कृती उलगडणाऱ्या टिपांची जोड त्याला दिली. या भाषांतरासाठी त्यांना २०१३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

जानेवारी २०२०मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादरांकडे आले. एका धर्मगुरूची निवड कशी झाली, असा आक्षेप काही मंडळींनी घेतला. पाठीच्या दुखण्याने बेजार असतानाही फादर तिथे गेले आणि भाषेबद्दल व पर्यावरणाबद्दल बोलले. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७८मध्ये सुरू झालेल्या या परंपरेत ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष होण्याची ही पहिलीच वेळ होती. इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी ओवीबद्ध मराठीत रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये छापले गेले होते, हे ध्यानात घेतले तर मराठी साहित्यविश्वाने हे पाऊल टाकायला फार उशीर केला, असे आमचे स्पष्ट मत आहे.