पाण्याची पाळी आणि पहिलीचा वर्ग

(अमळनेर येथे शिक्षक, अंगणवाडीताई आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार. मुलांना चांगलं नागरिक करायचं म्हटलं की आपल्याला बहुधा सरळ रांग दिसते, हाताची घडी दिसते, परिपाठात एका सुरात म्हटलेली प्रतिज्ञा ऐकू येते. ‘प्रत्येकाशी सौजन्याने वागेन’ हे वाक्य मुलं रोज म्हणतात आणि तिथून सुटली की नळावर एकमेकांना ढकलतात. यात मुलांचा दोष नाही. सौजन्य कुठे वापरायचं असतं, ते त्यांना कुणी वापरायला दिलेलंच नाही. मला आज एवढंच मांडायचं आहे की सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हाती सगळ्यांच्या मालकीची एखादी खरी वस्तू आणि तिच्याबद्दलचा खरा निर्णय द्यावा लागतो. तो दिला नाही तर धडा पाठ होतो, अंगी लागत नाही.

हे शिकायला आपल्याला लांब जायला नको. धुळे-साक्रीकडे पांझरा नदीच्या काठाने पाणीवाटपाची फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली आहे. तुमच्यापैकी काहींच्या आजोबा-पणजोबांनी त्या पाटाचं पाणी घेतलं असेल. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडलेले, बहुधा चार. एका फडात एका हंगामात एकच पीक. बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. त्यामुळे पाऊस कमी झाला आणि एखादा फड कोरडा ठेवायचं ठरलं, तर झळ एकट्याला बसत नाही, सगळ्यांना सारखी बसते. ज्याने कुणी ही वाटणी पहिल्यांदा बसवली, त्याला न्याय काय असतो हे नेमकं कळलेलं होतं. पाणी द्यायला पाटकरी असतो. शेत कुणाचंही असो, श्रीमंताचं की विधवेचं, पाणी पाटकरीच देणार. मालकाने रात्री उठून स्वतः पाट फोडायचा नाही. राखणीला जागल्या असतो. आणि पाटातला गाळ काढायची वेळ आली की ज्यांची जमीन पाटाखाली आहे त्यांनी हात लावायचा.

आता पाहा, यात नागरिकशास्त्राचं काय राहिलं? नियम आहे, तो सगळ्यांनी मिळून केलेला आहे, राबवणारा माणूस आहे, टंचाईची वाटणी आहे आणि श्रमही आहेत. हे सगळं खानदेशातल्या शेतकऱ्याने पुस्तकाविना चालवलं. त्याच्या नातवंडाला मात्र आपण ‘नागरिकांची कर्तव्ये लिहा’ असा चार गुणांचा प्रश्न देतो.

मी पहिली-दुसरीच्या वर्गांवर शिकवत आले. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. मार्चपासूनच शाळेची टाकी दुपारपर्यंत तळाला जाते. एका शाळेत आम्ही ठरवलं की टाकीचं काय करायचं ते मुलांनी सांगायचं. पहिल्या बैठकीत मोठ्या आवाजाची मुलं जिंकली : खेळून आलेल्यांनी आधी प्यायचं. चार दिवसांत पहिलीची मुलं तहानलेली घरी जायला लागली. मी नियम बदलला नाही, पुन्हा बैठक बसवली. तेव्हा कधी तोंड न उघडणारी एक मुलगी उठून अहिराणीत म्हणाली, ‘आते मना नंबर शे.’ तिला बोलायचा नंबर हवा होता. आणि तिने सुचवलं की लहान वर्ग आधी, आणि बाटली भरून न्यायची असेल तर शाळा सुटताना. तो नियम टिकला, कारण तो मोडणाऱ्याला मुलंच अडवायची.

इथे शिक्षकांना एक कळकळीची विनंती. ती मुलगी बोलली, कारण तिला घरच्या बोलीत बोलू दिलं. ‘शुद्ध बोल’ म्हणून तिला खाली बसवलं असतं तर तो नियम झालाच नसता. नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी-धडगावकडे पावरी, भिलोरी या आदिवासी बोली बोलणारी मुलं आहेत. वर्गात आपलं म्हणणं मांडायला जो मुलगा आपली भाषाच बाहेर काढून ठेवून येतो, तो उद्या ग्रामसभेत मागेच बसेल. आणि छडीने तर यातलं काहीच येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली आहे. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं : मार खाऊन मूल फक्त कुणासमोर गप्प बसायचं एवढं ओळखायला शिकतं.

आपण अमळनेरात बसलो आहोत, म्हणून साने गुरुजींबद्दल बोलायलाच हवं. १९२४ ते १९३० ते इथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, पसरलेले कपडे आवरत. ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक ते मुलांसाठी काढत. मला यातलं दैनिक फार मोलाचं वाटतं. हे वाचतील, विचार करतील, असा मुलांवरचा विश्वास त्यात आहे. मग १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. जे सांगितलं ते त्यांनी करून दाखवलं, आणि मुलांनी ते पाहिलं.

आणि आता पालकांकडे वळते, कारण मुलं आपल्यालाही पाहत असतात. राज्यघटनेत मूलभूत कर्तव्यं १९७६ साली आली. २००२ मध्ये त्यांत अकरावं कर्तव्य जोडलं गेलं, ते थेट पालकांवर आहे : ६ ते १४ वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण जागा पालकांना दिल्या आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असं सांगितलं. किती मोठा अधिकार आहे हा! पण अनेक गावांत होतं काय? बैठक भरतच नाही. रजिस्टर घरोघर फिरतं, चुलीपाशी बसलेली आई हात पुसते आणि न वाचता सही करते. शेजारी तिचं मूल उभं असतं. नागरिक म्हणजे काय, याचा त्या दिवशीचा धडा त्याने घेतलेला असतो. बायांनो, ती सही थांबवा. ‘बैठक घ्या, मी येते’ म्हणा, आणि जमलं तर मुलाला सोबत न्या.

काही पालक मला विचारतात, मुलं प्रश्न विचारायला लागली तर घरात कुणाचं ऐकतील का? ऐकतात. ज्या घरात कारण सांगितलं जातं, तिथे जास्त ऐकतात. तीन वर्षांच्या पोरालाही ‘झोका आता ताईचा, मग तुझा’ हे कळतं, फक्त ‘मग तुझा’ हा शब्द आपण पाळावा लागतो.

एक काम मात्र आजच ठरवून जाऊ या. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तिसरी-चौथीच्या मुलांचा एक प्रश्न घ्या. प्रश्न त्यांनीच निवडायचा : गटार, अंगणवाडीचा संडास, शाळेपुढच्या रस्त्यावरून भरधाव जाणारे ट्रॅक्टर, काहीही. अर्ज मुलाच्या अक्षरात असू द्या, चुका दुरुस्त करू नका, आणि त्याची पोच घ्या. सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (पूर्वीच्या ग्रामसेवकांनी) उत्तर लेखी द्यावं, ‘यंदा निधी नाही’ असं असलं तरी. ते उत्तर वर्गात मोठ्याने वाचा आणि पुढे काय करायचं ते मुलांना विचारा.