सावलीचा हिशेब

(दृश्य: दोन इमारतींमधली मोकळी पट्टी. भिंतीवरून सावली हळूहळू सरकते आहे.)

सकाळचे साडेआठ. तळमजल्याच्या खिडकीत आत्ताच ऊन आलंय. ते किती वेळ टिकणार, हे या घराच्या हातात नाही. समोरची इमारत किती उंच आहे आणि किती मागे उभी आहे, यावर ते ठरतं.

प्लॉटच्या हद्दीपासून बांधकामापर्यंत जी जागा मोकळी सोडावी लागते, तिला कागदोपत्री सामासिक अंतर म्हणतात. बोलताना आपण नुसतं मार्जिन म्हणतो. पुढचं, मागचं, बाजूचं. पैसे मोजून घेतलेल्या जागेत बांधता येत नाही, म्हणून अनेकांना ही पट्टी वाया गेल्यासारखी वाटते. मला तसं कधीच वाटलं नाही.

(दृश्य: सूर्य, इमारत आणि सावलीचं रेखाचित्र.)

सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो, तेव्हा सावली इमारतीच्या उंचीइतकीच पडते. तो ३० अंशांवर उतरला की सावली जवळजवळ पावणेदोन पट होते. २० मीटरच्या इमारतीची सावली मग सुमारे ३५ मीटर लांब जाते, शेजाऱ्याचं अंगण ओलांडून त्याच्या भिंतीवर चढते. म्हणून उंचीचा नियम आणि मार्जिनचा नियम एकत्रच वाचावे लागतात.

१६६६ साली लंडन जळालं, तेव्हा प्रश्न उन्हाचा नव्हता. वरचे मजले रस्त्यावर इतके पुढे आलेले होते की आगीला समोरच्या घरावर जायला फार लांब जावं लागत नव्हतं. पुढच्याच वर्षी कायदा झाला. गल्लीत दोन मजले, मोठ्या रस्त्यांवर तीन, मुख्य हमरस्त्यांवर चार. रस्त्याची रुंदी आणि घराची उंची एकमेकांना बांधली गेली.

(दृश्य: न्यूयॉर्कची जुनी छायाचित्रं.)

उन्हाचा प्रश्न न्यूयॉर्कमध्ये पेटला. १९१५ साली तिथे इक्विटेबल बिल्डिंग पूर्ण झाली. ३८ मजले, सुमारे १६४ मीटर, आणि फुटपाथच्या कडेपासून सरळ वर. कुठेही एक पाऊल मागे नाही. आजूबाजूच्या कचेऱ्या अंधारात गेल्या. असा नियम करायची चर्चा आधीपासून चालू होती, या इमारतीमुळे तिला जोर आला. १९१६ मध्ये शहराने नियम केला: भागानुसार रस्त्याच्या रुंदीच्या एक ते अडीच पट उंचीपर्यंत सरळ चढा, त्यानंतर मात्र पायरीपायरीने मागे सरका. प्लॉटच्या फक्त एक चतुर्थांश भागावर मनोरा हवा तितका उंच न्या. १९३१ची एम्पायर स्टेट बिल्डिंग नीट पाहा. पाच मजल्यांचा पाया रस्त्यालगत आहे आणि मनोरा खूप आत उभा आहे. तो आकार आपल्याला सौंदर्य म्हणून आठवतो. त्यामागे खालच्या रस्त्यावर उजेड पोचवायचं गणित आहे, आणि मला त्यामुळे ती इमारत जास्तच आवडते.

जपानने १९७६ मध्ये थेट सावलीच मोजायला घेतली. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, साधारण सकाळी आठ ते दुपारी चार या वेळात, नव्या इमारतीची सावली हद्दीबाहेर किती तास राहील, यालाच मर्यादा. इतका प्रामाणिक नियम मला दुसरा माहीत नाही.

(दृश्य: पुन्हा तीच पट्टी. आता त्यात पत्र्याची शेड, पाण्याची टाकी, कुलूप लावलेलं ग्रिल.)

मंजूर नकाशात ही पट्टी तीन मीटर आहे. जागेवर उरली आहे दीड मीटर. सुटकेची शिडी भिंतीला टेकवायची तर साधारण हिशेब चारास एक असतो: चार मीटर वर जायचं, तर पाया एक मीटर बाहेर. आठ मीटरवरच्या, म्हणजे वरच्या मजल्याच्या खिडकीसाठी दोन मीटर लागतात.