धोट्यावर बसलेलं कबुतर

(इचलकरंजीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, इचलकरंजीत बोलायचं म्हणजे एक सोय असते. मागावर आडवा धागा घेऊन ये-जा करणारा धोटा म्हणजे काय, हे समजावत बसावं लागत नाही. त्यामुळे आपण थेट ब्लॅकबर्नला जाऊ.

इंग्लंडच्या लँकेशायरमधलं, मँचेस्टरच्या उत्तरेचं हे गिरणगाव. 1851 साली तिथे सनद मिळून नगरपालिका आली आणि 14 फेब्रुवारी 1852 ला गावाला मानचिन्ह, म्हणजे ढालीवर काढलेलं अधिकृत चिन्ह, मिळालं. आता, असं चिन्ह कुणी आपल्या मनाने काढून वेशीवर लावू शकत नाही. लंडनमध्ये कॉलेज ऑफ आर्म्स नावाची संस्था आहे, तिची पहिली राजसनद 1484 ची. तिथे अर्ज करायचा, फी भरायची, मग मंजुरी मिळते. गंमत अशी की मंजुरीच्या सनदेवर चित्र रंगवलेलं असलं तरी खरा मान शब्दांतल्या वर्णनाला. वर्णनाबरहुकूम काढलं की झालं; मधमाशी जाड काढा नाहीतर बारीक, चिन्ह तेच राहतं. रंगांचा मात्र नियम कडक. सोनं आणि चांदी हे धातू, बाकीचे रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. चिन्ह लांबून ओळखू यायला हवं, एवढंच त्यामागचं कारण.

ब्लॅकबर्नची ढाल चांदीची, म्हणजे छापताना पांढरी. हे पांढरं म्हणजे गावात विणलं जाणारं कोरं कापड, असा अर्थ लावतात. मधून नागमोडी काळा पट्टा जातो, ती गावातली ब्लेकवॉटर नदी. पट्ट्याच्या वरखाली मिळून तीन उडत्या मधमाश्या. उद्योगाचं चिन्ह म्हणून मधमाशी इंग्लंडात ठिकठिकाणी दिसते. मँचेस्टरच्या चिन्हात तर पृथ्वीच्या गोलावर सात बसवल्यात. पण इथे आणखी एक धागा आहे. याच भागात छापील कापडाच्या धंद्यात पैसा करून पुढे पंतप्रधानपदापर्यंत गेलेल्या पील घराण्याच्या चिन्हातही मधमाशी होती.

ढालीच्या माथ्यावर हिरवी पट्टी. त्या मुलखात पूर्वी रान होतं, त्याची ही खूण. पट्टीच्या मधोमध चांदीचं शिंग, दोन्ही बाजूंना सोन्याचे लांबट चौकोन. शिंग कुणाचं? पहिले नगराध्यक्ष विल्यम हेन्री हॉर्नबी यांच्या घराण्याचं. चौकोन कुणाचे? गावचे जमीनदार जोसेफ फील्डन यांच्या घराण्याचे. मानचिन्हशास्त्रात हा लांबट चौकोन सूत गुंडाळलेल्या चातीवरून आलेला, त्यामुळे जमीनदारही खूश आणि गिरणीवालेही! मला विचाराल तर हे चिन्ह गावापेक्षा नगरपालिकेच्या पहिल्या बैठकीचं जास्त आहे. खुर्चीत कोण आणि शेजारी कोण, ते ढालीवर वाचता येतं.

हॉर्नबी नुसते नगराध्यक्ष नव्हते. ब्रुकहाउस गिरणीचे ते मालक, आणि विल्यम केनवर्दी त्यांचे भागीदार. 1842 साली केनवर्दी आणि जेम्स बुलो यांनी ब्लॅकबर्नमध्येच लँकेशायर माग तयार केला. त्यातली महत्त्वाची करामत काय? बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की माग आपोआप थांबतो. तोवर विणकराला डोळ्यांत तेल घालून उभं राहावं लागे, नाहीतर कापडात भेग पडे. आता एकाला अनेक माग सांभाळता येऊ लागले. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. तुमच्या साध्या मागांचं मूळ शोधत गेलात तर या लँकेशायरच्या घराण्याशी पोचाल.

आता ढालीवरचा तुरा पाहा. सोनेरी धोटा, त्यावर पंख उचललेलं पांढरं कबुतर. चोचीत ऑलिव्हची डहाळी, आणि धोट्यातून निघालेला धागाही त्याच चोचीत, पाठीवरून मागे वळलेला. अखंड. खाली लॅटिन ब्रीद, 'आर्ते एत लाबोरे': कौशल्याने आणि कष्टाने.

डहाळी म्हणजे शांतता. पण या कापडपट्ट्यात शांतता कधी होती? जेम्स हारग्रीव्ह्जचं एकावेळी अनेक सूत काढणारं यंत्र याच परिसरातलं, आणि 1768 मध्ये ते ब्लॅकबर्नच्या जमावाने फोडलं. एप्रिल 1826 मध्ये उपासमारीने पेटलेल्या हातमागवाल्यांनी तीन-चार दिवसांत लँकेशायरभर हजाराहून अधिक यंत्रमाग मोडले. ब्लॅकबर्नच्या गिरण्याही त्यात होत्या. चिन्ह आलं त्यानंतर सव्वीस वर्षांनी. माग मोडताना पाहिलेली माणसं तेव्हा गावात हयात होती. त्यांच्या डोक्यावर हे कबुतर बसवलं गेलं.

आणखी एक गोष्ट या ढालीवर नाही, ती म्हणजे गिऱ्हाईक. मँचेस्टरने निदान शिडाचं जहाज तरी काढलं. ब्लॅकबर्नचे माग मुख्यत्वे आपल्यासाठी चालत होते. काठाची धोतरं विणण्यात गावाचा हातखंडा. मुंबई आणि कलकत्त्याला गासड्यांवर गासड्या जात. 1870 च्या दशकात तर कापडाला वजन यावं म्हणून खळीत चिनी माती भरभरून घालत, आणि बोटीच्या प्रवासात त्याला बुरशी येई. पुण्यात 1905 मध्ये विदेशी कापडाची होळी पेटली, ती अशाच गिरण्यांच्या मालाची. सप्टेंबर 1931 मध्ये गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी शेजारच्या डार्वेनला मुक्कामाला होते. बहिष्काराची झळ बसलेल्या गिरणी कामगार बायकांच्या घोळक्यात हसणारे गांधीजी, हा फोटो तिथलाच.

पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. ब्रीद मात्र फुटबॉलच्या मैदानावर टिकलं: 1875 मध्ये स्थापन झालेल्या ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या बिल्ल्यावर लाल गुलाबाखाली आजही 'आर्ते एत लाबोरे' लिहिलेलं असतं. नोव्हेंबर 2010 मध्ये हा क्लब विकत घेतला तो आपल्या पुण्याच्या वेंकीजने, कोंबड्यांच्या धंद्यातल्या कंपनीने. मे 2012 मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला, तेव्हा चिडलेल्या प्रेक्षकांनी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. कॉलेज ऑफ आर्म्सची परवानगी अर्थातच कुणी घेतली नव्हती.