सांध्यातली गळती

(दृश्य : किराणा दुकान. काउंटरवरचा कॅल्क्युलेटर, अगदी जवळून.)

कॅल्क्युलेटरच्या कपाळावरची ही तपकिरी पट्टी. तिच्यावर अंगठा दाबून धरला की आकडे फिके पडतात. काही स्वस्तातल्या कॅल्क्युलेटरवर ती नुसती शोभेची असते, अंगठा धरा नाहीतर टिकली चिकटवा, हिशेब चालूच. पण खरी असेल तर ती अमॉर्फस सिलिकॉनची (म्हणजे ज्यात अणू शिस्तीत रचलेले नसतात), १९८० च्या सुमारास जपानी कंपन्यांनी रुळवलेली. खोलीतल्या उजेडावर वीज करणारा सेल आपल्या घरात आला तो असा.

उजेड मोजतात लक्समध्ये. भर दुपारचं ऊन म्हणजे लाखभर लक्स. ट्यूबलाइटखालच्या टेबलावर तीनशे ते पाचशे. डोळा हा फरक सांभाळून घेतो, सेलला ते जमत नाही. त्यातून गच्चीवरच्या पॅनेलचं सिलिकॉन उन्हासाठीच बरं. त्याचा बँड-गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी किमान ऊर्जा, १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि एलईडीचे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, दोन-अडीचचे. वरची ऊर्जा उष्णता होऊन जाते. घरातल्या उजेडाला १.९ च्या आसपासचा बँड-गॅप मानवतो.

(दृश्य : प्रयोगशाळा. काचेच्या तुकड्यावर पिवळसर थेंब.)

पेरोव्हस्काइट या खास स्फटिकरचनेच्या पदार्थाचं कौतुक इथेच आहे. आयोडीन थोडं कमी, ब्रोमीन थोडं जास्त केलं की बँड-गॅप वाढतो. काचेवर थेंब टाकायचा, काच गरागरा फिरवायची, मग गरम तव्यावर ठेवायची. बघता बघता पिवळसर थर गडद होतो. २००९ साली योकोहामात त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने असा पहिला सेल केला तेव्हा उन्हात कार्यक्षमता होती ३.८ टक्के. आज प्रयोगशाळेत ती २६ च्या पुढे आहे. या थरात शिसं असतं, हेही आताच सांगून टाकू. मुलांच्या हाती जाणाऱ्या वस्तूत ते वापरायचं तर सील पक्कंच हवं.

पण खरी अडचण थराच्या पोटात कमी आणि कडेला जास्त. दोन थर जिथे भेटतात त्या सांध्यात काही अणू जागेवर नसतात, शिशाचे आयन (विद्युतभारित अणू) उघडे पडतात आणि सुटलेला इलेक्ट्रॉन तिथे अडकतो. नळाला धार जोरात असेल तर फुटकी बादलीही भरते. पाणी थेंबथेंब येतं त्या दिवशी मात्र बारीकसं भोकही पुरतं. ऊन म्हणजे ती धार. खोलीतला उजेड म्हणजे थेंब.

हे भोक बुजवायला रेणू घडवावे लागतात. लिथुआनियात, काउनास तंत्रविद्यापीठात व्यताउतास गेताउतिस यांच्या गटाने असे रेणू केले. त्यांचं एक टोक फॉस्फोनिक आम्लाचं, ते काचेवरच्या ऑक्साइडला घट्ट धरतं. दुसरं कार्बाझोल या सेंद्रिय वलयाचं, ते पेरोव्हस्काइटकडे तोंड करून उभं राहतं. सगळे रेणू आपोआप शेजारी-शेजारी उभे राहतात, आणि थराची जाडी फक्त एका रेणूएवढी.

यातली एक गंमत. त्याच कुळातल्या एका रेणूवर पेरोव्हस्काइटचं द्रावण पसरतच नाही, अळवाच्या पानावरचं पाणी जसं गोळा होऊन घरंगळतं तसं होतं. म्हणून त्यात दुसरे रेणू मिसळावे लागतात.

(दृश्य : लंडन. एलईडीखाली ठेवलेला सेल.)

२०२५ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या गटाने १.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा सेल घेतला. रुबिडियम क्लोराइडने स्फटिक नीट वाढू दिले. शिवाय दोन सेंद्रिय क्षार घातले, आयोडाइड आणि ब्रोमाइड आयन एकमेकांपासून फुटून निघू नयेत म्हणून. १००० लक्सखाली कार्यक्षमता भरली ३७.६ टक्के.

हजार लक्स म्हणजे सराफाच्या दुकानातला लखलखाट, आपलं स्वयंपाकघर नव्हे. आणि तिथेही चौरस सेंटिमीटरला प्रकाश मिळतो साधारण ०.३ मिलिवॅट. म्हणजे काड्यापेटीएवढ्या सेलमधून दोनेक मिलिवॅट वीज. मोबाईलचं नावच काढू नका. तापमान मोजणारा सेन्सर, टीव्हीचा रिमोट, एवढ्यांचं मात्र भागतं.

शंभर दिवसांनंतर या सेलची ९२ टक्के ताकद शिल्लक होती, ही भर न घातलेल्या साध्या सेलची ७६. प्रखर उजेडात, ५५ अंशांवर सलग ३०० तास ठेवल्यावर नव्याची ७६ उरली, साध्याची ४७. परीक्षा मुद्दाम कडक घेतलेली, मान्य. पण तीनशे तास म्हणजे साडेबारा दिवस. रिमोटमधले बॅटरीचे सेल आपण बदलतो ते वर्षा-दीड वर्षाने.