आईच्या लक्षात काय राहिलं?

नमस्कार श्रोतेहो.

तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. जुलाबानं मलूल झालेल्या लेकराला हे पाणी घोट घोट पाजत राहायचं. १९८० ते १९९० या काळात बांगलादेशातल्या एक कोटी वीस लाखांहून जास्त घरांमध्ये जाऊन तिथल्या महिला कार्यकर्त्यांनी आयांना हे पाणी करायला शिकवलं. चुलीजवळ बसून, आईच्याच हातानं करून घेऊन. हे काम ब्रॅक या संस्थेचं.

ब्रॅकचे संस्थापक फजले हसन आबेद हिशेबनीस होते, चितगावला शेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. १९७०च्या नोव्हेंबरात भोला चक्रीवादळानं लाखो माणसं गेली, पुढच्याच वर्षी मुक्तियुद्ध झालं. आबेदांनी लंडनमधलं घर विकलं आणि १९७२ साली सुल्ला या दुर्गम भागात, भारतातून परतणाऱ्या निर्वासितांसाठी घरं बांधायला सुरुवात केली.

मीठ-गुळाच्या पाण्यामागचं शास्त्र तेव्हा सिद्ध झालेलं होतं. साखर सोबत असली की आजारी आतडंसुद्धा मीठ आणि पाणी शोषून घेतं. १९७१मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजलं आणि शेकडो जीव वाचवले. प्रश्न उरला होता तो दवाखान्यापासून दूर, पावसाळ्यात बेट होऊन जाणाऱ्या गावांतल्या घराचा. तिथे आईशिवाय दुसरा डॉक्टर नव्हता.

मला या कामात सगळ्यात मोलाचा वाटतो तो पगाराचा नियम. कार्यकर्ती आईला दहा मुद्दे शिकवायची. काही आठवड्यांनी दुसराच माणूस त्यातल्या काही घरी जाऊन विचारायचा, काय काय आठवतं? पाणी करून दाखवा. त्या पाण्यातलं मीठ प्रयोगशाळेत तपासलं जायचं. आईला जेवढं आठवेल, तेवढी कार्यकर्तीची कमाई. किती घरं फिरली, याला वेगळे पैसे नाहीत.

आपल्याकडे मदत मोजतो ती दिल्याच्या क्षणी. ब्लँकेटं किती वाटली, वह्या किती, धान्य किती पोती. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण सहा महिन्यांनी त्या घरात काय बदललं, हे बघायला परत कोण जातं? आपण ज्या संस्थेला देणगी देतो, तिला हा प्रश्न विचारण्यात मला काहीच गैर वाटत नाही. उलट चांगल्या संस्थेला तो आवडतो.

ब्रॅकनं स्वतःला तो विचारला, आणि उत्तर फार कडू निघालं. आयांना मुद्दे पाठ होते, पण मूल आजारी पडल्यावर पाणी करणाऱ्या अगदी थोड्या. मग शोध सुरू झाला. कळलं, की घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. आणि शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांचाच या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःच्या घरी जुलाब झाले की त्या गोळ्या द्यायच्या! मग त्यांना हे पाणी नेमकं काम कसं करतं ते नीट समजावलं, बाजारात आणि मशिदीत पुरुषांशी बोलणं सुरू केलं, तेव्हा कुठे पाणी घराघरात होऊ लागलं.

हीच खोड पुढेही टिकली. छोट्या कर्जांचा मोठा पसारा उभा राहिल्यावर ब्रॅकला दिसलं, की अगदी तळातली बाई कर्ज घेतच नाही. फेडायचं कशातून, हीच तिची भीती. म्हणून २००२पासून वेगळी वाट धरली. गावकऱ्यांनाच जमिनीवर गावाचा नकाशा काढायला लावायचं आणि सगळ्यात गरीब घर कुठलं ते विचारायचं. त्या घरातल्या बाईला गाय किंवा शेळ्या द्यायच्या. दूध सुरू होईपर्यंत पोटापुरते पैसे द्यायचे, नाहीतर ती गाय विकूनच चूल पेटेल. बचतीची सवय लावायची, आणि दोन वर्षं दर आठवड्याला घरी जायचं. मला विचाराल तर सगळ्यात खर्चिक आणि सगळ्यात गरजेची गोष्ट ही शेवटची.

त्याच वर्षी ब्रॅक अफगाणिस्तानात गेली, पुढे युगांडा आणि टांझानियात. गरीब देशातली संस्था दुसऱ्या गरीब देशांच्या मदतीला गेली, याचं मला फार अप्रूप आहे. गाय-शेळीची ही पद्धत इतर संस्थांनीही उचलली. इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू अशा सहा देशांतल्या सुमारे दहा हजार कुटुंबांवर ती पारखली गेली आणि २०१५मध्ये निष्कर्ष आले. पारखणाऱ्यांत मुंबईत जन्मलेले, मराठी आईचे चिरंजीव, अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी होते. मदत थांबल्यानंतर वर्षभरानंही बहुतेक ठिकाणी घरातलं खाणंपिणं, मिळकत सुधारलेली होती. होंडुरासमध्ये मात्र दिलेल्या कोंबड्या रोगानं मेल्या आणि तिथे फायदा टिकला नाही. हेही त्यांनी लपवलं नाही, छापलं.

पश्चिम बंगालमधल्या कुटुंबांकडे तर दहा वर्षांनी पुन्हा जाऊन पाहिलं. फायदा टिकून होता. काहींनी जनावरांच्या कमाईतून छोटे धंदे काढले होते, काही घरांतली माणसं कामासाठी शहरात गेली होती.

बिहार सरकारनं २०१८मध्ये याच धर्तीवर सतत जीविकोपार्जन योजना आणली. दारूबंदीनंतर ज्यांचा ताडी आणि गावठी दारूचा धंदा बसला, अशी घरंही तिच्यात घेतली. दुकानाचा माल किंवा शेळ्या घेऊन दिल्या की काम संपत नाही. गावातलाच प्रशिक्षित माणूस त्या घरी जात राहतो, हिशेब कसा ठेवायचा ते शिकवतो, आणि काय जमलं, काय अडलं ते विचारतो.

नमस्कार.