कोचीला जाताय? बोटीनं जा

नमस्कार श्रोतेहो. सुट्ट्या जवळ आल्या की घरोघरी केरळचा बेत शिजतो आणि त्यात कोचीच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. चर्च, राजवाडा, सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, की लगेच गाडी मुन्नारच्या वाटेला. माझं कळकळीचं सांगणं आहे, कोचीला अख्खा दिवस द्या. आणि फोर्ट कोचीला, म्हणजे शहराच्या जुन्या भागात, गाडीनं जाऊ नका, बोटीनं जा. समोरच्या मुख्य भूमीवरच्या एर्नाकुलमच्या जेट्टीवरून सरकारी बोट सुटते, वीसेक मिनिटांचा प्रवास, तिकीट किरकोळ.

बोटीनंच का? कारण हे शहर पाण्यानं घडवलंय. १३४१ साली पेरियार नदीला महापूर आला, जुनं मुझिरिस बंदर गाळानं बुजलं आणि इकडे कोचीचं मुख मोकळं झालं, असं इतिहासकार सांगतात. बोटीतून डावीकडे विलिंग्डन बेट दिसेल. विसाव्या शतकात बंदर खोल करताना निघालेल्या गाळाच्या भरावावर ते उभं राहिलं.

पलीकडे उतरलात की किनाऱ्यानं मासेमारीच्या चिनी जाळ्यांपाशी जा. इथे मात्र मी थोडी रेंगाळणार आहे.

ऊन चढायच्या आत मी तिथे पोचले होते. सागवान आणि बांबूचा अवाढव्य सांगाडा पाण्यावर झुकलेला, पुढच्या टोकाला ताणलेलं जाळं, मागे दोरांना एकाखाली एक टांगलेले धोंडे. मी टक लावून बघतेय हे पाहून त्यांच्यातल्या वयस्कर मच्छीमारानं हातानंच 'या' म्हटलं. मला मल्याळम येत नाही, त्यांना हिंदी नाही. ते मधल्या तुळईवरून पाण्याच्या दिशेनं चालत गेले. नुसते चालत गेले, बरं का! तेवढ्या वजनानं ते जाळं सावकाश पाण्यात उतरलं आणि मागचे धोंडे वर उचलले गेले. काही मिनिटं सगळे गप्प. मग एक आरोळी, आणि आम्ही सगळे दोराला! दोर ओला, खरखरीत, तळहाताला काचणारा. पहिली ओढ भलतीच जड. पण जाळं हललं की धोंडे आपल्या बाजूनं जोर लावतात आणि वर येता येता एकेक धोंडा खाली टेकत जातो, म्हणजे तोल सुटत नाही. जाळ्यात आली मूठभर चंदेरी मासळी आणि एक खेकडा. आजोबांनी एका धोंड्यावर थाप मारली आणि माझ्याकडे बघून खुशीत मान डोलावली.

हे जाळं म्हणजे एक मोठी तरफच. आपण मुलांकडून तरफेची व्याख्या पाठ करून घेतो, पण तरफेला हात लावू देत नाही. शाळांच्या सहली वॉटर पार्कला जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. असो. तिथे फोटो काढलेत तर त्या माणसांच्या हातावर काहीतरी ठेवा. मासळी आता पूर्वीसारखी मिळत नाही आणि लाकडाची डागडुजी मात्र सुटत नाही.

तिथून जवळच सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला, त्याला इथेच पुरलं. पुढे १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, पण कबरीची शिळा आजही आहे. मग रिक्षानं मट्टनचेरी. तिथला राजवाडा पोर्तुगीजांनी बांधून राजाला दिला, डचांनी दुरुस्त केला. भिंतींवरची रामायणाची चित्रं निवांत पाहा. शेजारी १५६८ चं सिनेगॉग, पायाखाली चीनहून आलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा. राजवाडा शुक्रवारी बंद असतो. सिनेगॉग शुक्रवारी आणि शनिवारीही बंद. तेव्हा लक्षात ठेवा, शुक्रवार टाळा, शनिवारही टाळा.

आणि मट्टनचेरीच्या चेरलाई भागात कोंकणी कानावर पडली तर जरूर थांबा. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवा सोडून आलेल्यांचे हे वंशज, त्यांचं तिरुमल देवस्थान तिथेच आहे. आपल्या मराठीतच विचारपूस करा, बोलणं जमून जाईल.

नमस्कार.